मुठीवरचा हात

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या.

कारण पुढे जे लिहिलंय त्यात पदरचं एक अक्षर नाही. हे ऐकीव नाही. मैत्रिणीच्या मैत्रिणीचं नाही. माझ्या स्वतःच्या हाताचं आहे. उजव्या. एक्स-रे घरात आहे, कुणाला बघायचा असेल तर दाखवीन.

तीन वर्षांपूर्वीची थंडी. गुरुवार. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. रेल्वे फाटकाकडे उतरत जाणारा रस्ता.

पण त्याआधीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर काही कळणार नाही.

मी तेव्हा एका लॅबमध्ये होते. काम घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घ्यायचं. रक्त द्यायचं असतं उपाशीपोटी, त्यामुळे माणसं चहासाठी जीव टाकत बसलेली असतात. सहाच्या ठोक्याला मी दारात हवी. आठ-दहा घरं, नऊच्या आत.

नवऱ्याची जुनी मोटरसायकल मी वापरायचे. तो वेल्डर. त्याचं वर्कशॉप घरामागेच, त्यामुळे गाडी माझीच झाली होती.

थंडीत सगळं अंग झाकता येतं हो. हातांचं काय करणार?

लोकरीचे हातमोजे घातले, तर वारा आरपार. कातडी घातले, तर बोटं लाकडासारखी. आत प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून पाहिल्या, घाम यायचा आणि मग तोच घाम गार पडायचा. एकदा नवऱ्याचे वेल्डिंगचे मोजे घालून निघाले. पहिल्याच वळणावर ब्रेक सापडेना. नवरा खो खो हसला. म्हणाला, "अस्वल रक्त काढायला निघालंय म्हणतील."

हसण्यासारखंच होतं तोपर्यंत.

मग एका सकाळी एका आजोबांची शीर मला सापडेना. बोटांना काही कळतच नव्हतं. तीन वेळा टोचलं. त्यांच्या सुनेने माझ्यासमोरच लॅबला फोन लावला.

लॅबच्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

"हात चालत नसतील तर दुसरं काम बघा. माझं नाव खराब करू नका."

"सर, थंडीमुळे..."

"थंडी सगळ्यांनाच आहे."

त्याच दुपारी मी गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेले. त्याला सगळे पान्या म्हणायचे. कधी कुणाशी सरळ बोलायचा नाही, पण हाताला गुण होता. मी म्हटलं, "हँडलच्या मुठींना बांधायची कव्हरं मिळतात ना? आत हात घालून चालवायची? ती हवीत."

त्याच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला एक जोडी टांगलेली होती. वरून काळं रेक्झिन, आत दाट पांढरी लोकर. वापरलेली, पण धडधाकट.

"ती बघू," मी म्हटलं.

तो तिकडे वळलासुद्धा नाही.

"ती जुनी आहेत."

"चालतील."

"नवी मागवतो. आठ दिवस लागतील."

आठ दिवसांत माझी नोकरी गेली असती. मी हट्टच धरला. त्याने खांदे उडवले आणि कव्हरं बांधून दिली. एक गोष्ट मात्र मी तेव्हा पाहिली आणि सोडून दिली...

त्याने कव्हरांच्या आत हात घातला नाही. एकदाही नाही. नाड्या बाहेरून आवळल्या, आतली कड पकडीने ओढली.

पहिल्या सकाळी मला रडूच यायचं बाकी होतं. इतकी ऊब! आत हात घातला की बाहेरची थंडी जणू दुसऱ्याच कुणाला लागत होती. पहिल्या घरातल्या बाई म्हणाल्या, "आज हात गरम आहेत गं तुझे." एका टोचण्यात काम. दुसरीकडेही तेच. दोन दिवसांत मी आतले हातमोजे घालणंही सोडलं. डॉक्टर काही बोलले नाहीत, म्हणजे खूश होते.

चौथ्या सकाळी माझ्या एक गोष्ट लक्षात आली.

गाडी रात्रभर अंगणात उभी होती. सीटवर दवाचा पांढरा थर. टाकी हाताला चावेल इतकी गार. गाडी अजून सुरूसुद्धा केली नव्हती.

मी कव्हरात हात घातला...

आत गरम होतं.

लोकर गरम असते तसं नाही. कुणीतरी नुकतंच उठून गेलेलं अंथरूण असतं ना, तसं.

मी हात बाहेर काढला. मग स्वतःलाच हसले. पहिल्या घराला उशीर होत होता. किक मारली आणि निघाले.

त्या दिवशी आवाज सुरू झाला.

टिक.

सिग्नलला थांबले होते. इंजिनाचा आवाज ओळखीचा, तो नव्हता. हा उजव्या कव्हरातून येत होता.

टिक... टिक.

ब्रेकच्या दांडीवर धातूची वस्तू हलकेच आपटावी तसा. बोटातली अंगठी आपटावी तसा.

मी अंगठी घालत नाही. रक्त घेणारं कुणीच घालत नाही, हातमोजे फाटतात.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने दोन्ही कव्हरं पिळली, झटकली, आत कोपरापर्यंत हात घालून चाचपलं.

"काही नाही. उंदीर शिरला असेल उबेला."

"उंदीर अंगठी घालतो का?"

"लग्न झालेला असेल," तो म्हणाला आणि कामाला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी एका निवृत्त शिक्षिकेकडे गेले. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, दर आठवड्याला रक्त द्यावं लागायचं. एकट्या राहायच्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, मीही. मी दंडाला पट्टा बांधत होते, तेवढ्यात त्यांनीच माझं मनगट धरलं.

"हे काय आहे?"

मी पाहिलं.

माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर, मनगटाच्या जरा अलीकडे, चार डाग. एका ओळीत. काळेनिळे.

काळंनिळं कसं पडतं, किती दिवसांनी पिवळं होतं, हे मी रोज बघते. हे ताजं होतं. त्याच सकाळचं.

"नवरा हात उगारतो का?" बाईंनी विचारलं. आवाज वर्गातला.

"नाही हो बाई! तो कसला हात उगारतोय..."

"मग कोणी धरलं?"

"कुणी नाही. गाडीवर आपटला असेल."

त्यांनी चष्मा लावला. माझा हात खिडकीच्या उजेडात नेला. बराच वेळ पाहत राहिल्या.

"आपटलेलं असं दिसत नाही. ही बोटं आहेत. ही बघ नखं. टोकं तुझ्या मनगटाकडे आहेत." त्यांनी माझी मूठ वळवली, आणि पलीकडून स्वतःचा हात तिच्यावर ठेवून दाखवला. त्यांची चार बोटं चार डागांवर बरोब्बर बसली. "ज्याने धरलं, तो तुझ्या मागे नव्हता. समोर होता. तुझ्याकडे तोंड करून."

मला तेव्हा फक्त लाज वाटली. नवऱ्याबद्दल त्या काय समजल्या असतील याची. भीती नाही वाटली.

ती पुढच्या गुरुवारी वाटली.

गुरुवार. सहा वीस. धुकं इतकं की आरसा दिसतो पण आरशात काही दिसत नाही. मागच्या खोक्यात एका घराचं रक्त, पुढचं घर फाटकापलीकडे. रस्ता उताराचा. लांबून मालगाडीचा भोंगा ऐकू आला, म्हणजे फाटक बंद असणार. मी वेग कमी करायला घेतला.

आणि माझ्या उजव्या हातावर हात पडला.

चाटून गेला असं नाही. पडला. वजनासकट.

गरम. कोरडा. माझ्या हातापेक्षा मोठा.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. हात मागे ओढला. तो हलला नाही. चार बोटं माझ्या हाताच्या पाठीवर होती, टोकं मनगटाकडे, आणि अंगठा खालून.

बाईंनी दाखवलं होतं ना... अगदी तसं.

समोरून.

मी वर पाहिलं. समोर कुणीच नव्हतं. टाकी, हँडल, धुकं.

पण समोरचं धुकं काळं झालं होतं.

माझा लाईट चालू होता. घरून निघताना लावला होता, वाटेत सगळीकडे त्याच्या उजेडात आले होते. आता रस्त्यावर उजेड पडत नव्हता. जणू दिव्यावर कुणी बसलं होतं.

माझ्या हेल्मेटची काच पांढरी झाली. माझ्या श्वासाने आतून वाफ धरते तशी नाही...

बाहेरून.

हा... हा... करून कुणी काचेवर फुंकावं तशी. थोडी निवळायची, परत पांढरी व्हायची. एका लयीत. अगदी निवांत.

आणि मग त्याने माझी मूठ पिरगाळली.

इंजिन किंचाळलं. गाडी उतारावर सुटली. मी ब्रेकसाठी बोटं लांब करायला गेले, ती त्याने मुठीवर दाबून धरली. डाव्या हाताने क्लच ओढावा म्हटलं, तर डाव्या कव्हरातही...

तिथेही तो होता.

दोन्ही हात. दोन्ही मुठी. किल्ली टाकीच्या वर, माझ्यापासून वीतभर लांब, आणि माझ्याकडे तिला लावायला हातच नव्हता.

तेव्हा तो बोलला.

काचेच्या पलीकडून. पुरुषाचा आवाज, ना म्हातारा ना तरुण. घाई नाही, राग नाही. लहान मुलाची वस्तू उंच धरून त्याला चिडवतात ना, तसा.

"काढ की हात."

मी ओढला.

"काढ. काढ ना."

मी ओढत होते आणि तो आवळत होता. प्रत्येक वेळी थोडं जास्त. मला अजून आठवतं, त्या क्षणी मला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटली असेल तर याची, की त्याला मजा येत होती. माझं त्याच्याशी काही वैर नव्हतं. मी कोण आहे हेही त्याला ठाऊक नसावं. हात कुणाचाही चालला असता.

फाटकाचा लाल दिवा धुक्यातून दिसला. मालगाडीची धडधड आता रस्त्यात जाणवत होती.

माझ्याकडे उरला होता फक्त पाय. मागचा ब्रेक पूर्ण दाबला. चाक ओल्या रस्त्यावर घसरायला लागलं, पण इंजिन ओढतच होतं. मग मी विचार केला नाही. सगळं अंग डावीकडे टाकलं.

गाडी पडली. मी पडले. रस्त्याच्या कडेच्या गवतात घसरत गेलो. गाडी एकीकडे ओढत होती, मी दुसरीकडे.

उजवा हात मात्र कव्हरातच राहिला.

मनगटाचा आवाज मला हेल्मेटमधूनही ऐकू आला.

फाटकवाला धावत आला. माझ्या डोळ्यांसमोरून मालगाडी जात होती, डब्यामागून डबा. त्याने आधी किल्ली फिरवली. मग मला उचलायला लागला. डावा हात सुटला होता. उजवा अजून कव्हरात.

"ताई, मूठ सोडा! मूठ सोडा आधी!"

"सोडलीय हो! मी सोडलीय!"

तो ओढत होता. धट्टाकट्टा माणूस, दिवसातून वीस वेळा फाटक वर-खाली करणारा. त्याला जमेना. शेवटचा डबा गेला, आवाज थांबला, आणि हात अचानक सुटला. आम्ही दोघंही मागे पडलो.

त्याने मला खोलीत नेलं, घोंगडी दिली, नवऱ्याला फोन लावला. आणि मग चिडलाच.

"धुक्यात लाईट न लावता कोण येतं? नुसता आवाज येत होता तुमचा! मी म्हटलं, गेली ही बाई आज."

मी बाहेर पाहिलं. खिडकीतून गाडी दिसत होती. गवतात आडवी.

किल्ली बंद होती, तरी तिचा लाईट चालू होता. सरळ आमच्याकडे तोंड करून.

नवरा आला. मला दवाखान्यात नेलं. मनगट दोन ठिकाणी, करंगळी एका ठिकाणी मोडली होती. प्लॅस्टर करणाऱ्या डॉक्टरांनी हाताची पाठ बघितली आणि नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं. मला हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

त्या वेळी मला रडू फुटलं. काय सांगणार होते मी त्यांना?

नवऱ्याला मात्र सगळं सांगितलं. वाटलं होतं हसेल. तो हसला नाही. माझ्या हातावरचे डाग त्याने मोजून बघितले, आणि उठून थेट पान्याकडे निघाला. मीही गेले, गळ्यात हात अडकवून. नवऱ्याने कव्हरं शेडच्या फरशीवर आपटली.

"तू यात हात का नाही घातलास?"

पान्याने कव्हरांकडे पाहिलं नाही.

"मी म्हटलं होतं ताईंना. नवी मागवतो म्हटलं होतं."

"मी विचारलं त्याचं उत्तर दे."

त्याने हात फडक्याला पुसले. "तुमच्या आधी दोघांनी परत आणून दिली. एक बेकरीवाला होता, पाव पोचवायचा. त्याची आता दोन बोटं वाकत नाहीत. दुसऱ्याने काही सांगितलंच नाही. शेडच्या दारातून आत फेकली आणि पळाला."

"कुणाची आहेत ही? कोण मेलंय?"

"कोणी मेलं असं कुणी सांगितलं?" पान्या उसळला. "ज्याच्या गाडीवर आली तो धडधाकट आहे. तो म्हणाला, त्याने गाडी घेतली तेव्हाच ती बांधलेली होती. ज्याच्याकडून घेतली, तोही तेच म्हणाला. मी विचारून दमलो."

"मग फेकली का नाहीस?"

पान्याने मान खाली घातली. "काढून टाकतो म्हणून हातात घेतली की... जाऊ द्या. तुम्हीच न्या."

नवऱ्याने ती तिथेच पेटवली. शेडबाहेर, भर दुपारी, लोखंडी पिंपात, गॅसच्या ज्योतीने. लोकर जळली, रेक्झिन वितळलं. जळका वास नखांसारखा होता, पण लोकरीचा येतोच तसा. राख होईपर्यंत आम्ही तिघंही उभे होतो. मग राखेवर पाणी ओतलं.

मी घरी येऊन सलग चौदा तास झोपले.

प्लॅस्टर सहा आठवड्यांनी निघालं. हाड उत्तम जुळलं होतं. डाग गेले होते. फक्त मूठ उघडत नव्हती.

"होतं असं," डॉक्टर म्हणाले. "व्यायामाने सुटेल." त्यांनी फिजिओथेरपीला पाठवलं.

तिथली मुलगी गोड होती. हसत हसत काम करायची. पहिल्या दिवशी तिने माझा हात उशीवर ठेवला, आपला हात माझ्या मुठीत सरकवला आणि एकेक बोट उलगडायला लागली.

"सैल सोडा, ताई."

"सैलच आहे."

"नाही, अजून. खांद्यापासून सैल."

मी डोळे मिटले. खरंच सगळं सोडून दिलं. हात माझा नाहीच असं समजून बसले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "ताई... दुखतंय मला."

मी डोळे उघडले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझी बोटं तिच्या बोटांवर आवळलेली होती. तिची नखं जांभळी होत होती.

"ताई, सोडा ना."

"मी काही करत नाहीये!"

ती ओढायला लागली. मी डाव्या हाताने माझीच बोटं उचकटायला लागले. आणि ती जितकी ओढत होती, तितकी माझी बोटं आवळत होती. थोडी. मग अजून थोडी. सावकाश.

शेजारच्या टेबलावरून दोघं धावत आले तेव्हा मूठ सुटली.

मी माफी मागत राहिले. ती मुलगी आपला हात छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती. तिने मला फक्त एक प्रश्न विचारला.

"तुम्ही 'काढ की' असं का म्हणत होता?"

मी एक शब्दही बोलले नव्हते.

ती म्हणाली, आवाज माझा नव्हता पण माझ्याच बाजूने आला.

मी पुन्हा तिथे गेले नाही. नंतर तीन डॉक्टर झाले. सगळे म्हणतात हाड चांगलं, नसा चांगल्या, काही दोष नाही. घरोघरी जाण्याचं काम सुटलंच. आता लॅबच्या काउंटरवर बसते आणि डाव्या हाताने पावत्या फाडते. बाईंना सगळं सांगितलं एकदा. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि निघताना मला हात मात्र दिला नाही.

नवरा शेजारच्या खोलीत वेगळा झोपतो. मीच सांगितलंय.

हे सगळं डाव्या हाताने टाईप करतेय, म्हणून वेळ लागला. उजवा समोर टेबलावर ठेवलाय. उघड्यावर. शालीत नाही, खिशात नाही, बाहीतही नाही. मला दिसेल असा.

बाहेर चांगलीच थंडी पडलीय. बोटं निळी दिसायला लागलीयत.

मी त्यांना झाकणार नाही.